एपी कम्प्युटर सायन्स ऑनलाइन: गुण ९४ टक्के, पण कोऱ्या खिडकीसमोर हात थांबतो

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी अमेरिकेत अकरावीत आहे. तिच्या शाळेत एपी कम्प्युटर सायन्स ए (हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा, जावा भाषेतला कोर्स) शिकवणारं कुणी नाही, म्हणून राज्याच्या व्हर्च्युअल स्कूलमधून तो कोर्स ऑनलाइन घेतलाय. सप्टेंबरपासून गुण ९४ टक्क्यांच्या खाली आलेले नाहीत. परवा वडिलांनी याच परीक्षेच्या २०१९ च्या पेपरातला ‘स्टेपट्रॅकर’चा प्रश्न सोडवायला दिला, तर पाऊण तासात तिला पहिली ओळसुद्धा लिहिता आली नाही. वडील स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांचं विचारणं असं की कोर्सच सुमार आहे का, मी स्वतःच शिकवायला घेऊ का, की हे सोडून तिला एपी सीएसपी (कम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स हा दुसरा कोर्स) घ्यायला लावू?

मी बरीच वर्षं हाच कोर्स ऑनलाइन शिकवते आहे, त्याआधी जावामध्येच नोकरी केली. त्यामुळे तुमचं वर्णन वाचून अजिबात धक्का बसला नाही. दरवर्षी या सुमाराला माझ्या वर्गातही अशी मुलं असतात. त्यांचे गुण खोटे नसतात. ते गुण वेगळ्याच गोष्टीचे असतात, एवढंच.

आठवड्याभरात ती नेमकं काय करते ते पाहा. व्हिडिओ बघते, मग बहुपर्यायी प्रश्न, मग कोडचा सराव. या सरावात क्लासचं (म्हणजे प्रोग्राममधल्या वस्तूच्या आराखड्याचं) नाव दिलेलं असतं, मेथडची (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याची) पहिली ओळ दिलेली असते, ‘तुमचा कोड इथे लिहा’ अशी सूचना असते, आणि खाली ‘तपासा’ असं बटण. म्हणजे दुसऱ्याने सुरू केलेलं काम ती पुरं करते. सुरुवात कुठून करायची, कुठली माहिती साठवून ठेवावी लागेल, कामाचे तुकडे कसे पाडायचे, हे निर्णय तिच्या वाट्याला आलेलेच नाहीत. कोर्स करणाऱ्यांनी हे आळसाने केलेलं नसतं. शेकडो मुलांचा कोड आपोआप तपासायचा तर साचा द्यावाच लागतो. पण स्टेपट्रॅकरच्या प्रश्नात साचा नाही, अख्खा क्लास आपल्यालाच लिहायचा असतो, आणि तिथेच ती अडकली.

दुसरी गोष्ट त्या ‘तपासा’ बटणाची. ते कितीही वेळा दाबता येतं. लाल खूण आली की ‘लहान’चं चिन्ह बदलून ‘लहान किंवा समान’ करायचं, तरी लाल असेल तर एक वाढवायचा किंवा कमी करायचा, की कधीतरी हिरवी खूण येतेच. याला मी प्रोग्रामिंग म्हणत नाही. शिवाय हिरवी खूण आलेला कोड बरोबरच असतो असंही नाही. एक उदाहरण देते, कारण ही चूक मी प्रत्येक वर्गात पाहते. २०२३ च्या पेपरात तापमानांच्या ॲरेलिस्टमधून (लांबी कमीजास्त होऊ शकणाऱ्या यादीतून) ठरावीक मर्यादेबाहेरचे आकडे काढून टाकायचा प्रश्न होता. समजा वरची मर्यादा १२० आहे आणि यादी अशी: ९९, १४२, १५०, ८५. मुलं सरळ शून्यापासून लूप (एकेक आकडा ओळीने तपासत जाणारा कोड) लावतात आणि चुकीचा आकडा दिसला की रिमूव्ह करतात. इंडेक्स १ वरचा (मोजणी शून्यापासून, म्हणून यादीतला दुसरा) १४२ निघाला की १५० सरकून इंडेक्स १ वर येतो, पण लूप तर २ वर गेलेला असतो. १५० तपासलाच जात नाही आणि यादीत तसाच राहतो. आता चाचणीच्या यादीत दोन वाईट आकडे शेजारी-शेजारी नसतील, तर हाच चुकीचा कोड हिरवी खूण घेऊन जातो. मुलीला वाटतं, आलं मला. उपाय सोपा आहे, मागून पुढे या, किंवा काढल्यावर इंडेक्स वाढवू नका. पण असं का, हे जिला कागदावर चार चौकोन काढून दाखवता येतं, तिलाच हा भाग आला असं मी मानते.

परीक्षेत ते बटणच नाही. मे २०२५ पासून ही परीक्षा, ती घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या ब्लूबुक ॲपवर होते. त्याआधी मुलं कागदावर पेन्सिलीने कोड लिहायची. आता टाइप करायचा, पण तो कम्पाइल होत नाही, चालवून बघता येत नाही. ९० मिनिटांत ४२ बहुपर्यायी प्रश्न, त्यांचं वजन ५५ टक्के. पुढच्या ९० मिनिटांत कोड लिहायचे चार प्रश्न, त्यांचं ४५ टक्के. चौघांपैकी पहिला मेथड आणि कंट्रोल स्ट्रक्चरवर, दुसरा अख्खा क्लास लिहायचा, तिसरा ॲरेलिस्टवर, चौथा द्विमितीय ॲरेवर. एका प्रश्नाला जेमतेम बावीस मिनिटं मिळतात, आणि त्यातली पहिली पाच-सहा नुसतं वाचण्यात जातात. जायलाच हवीत.

आता स्टेपट्रॅकरकडेच वळू, कारण सरावाला तो फार चांगला प्रश्न आहे. रोजची पावलं नोंदवायची, किमान अमुक पावलं चाललेला दिवस ‘सक्रिय’ धरायचा, असे किती दिवस झाले ते सांगायचं आणि रोजची सरासरीही सांगायची. तिला लॅपटॉप बंद करायला सांगा आणि एकच प्रश्न विचारा: या वस्तूला काय काय लक्षात ठेवावं लागेल? जावाचं नाव काढू नका. ती विचार करेल आणि म्हणेल, सक्रिय दिवसाची मर्यादा. बरं, आणखी? एकूण पावलं. एकूण दिवस. सक्रिय दिवस किती ते. झाले चार आकडे, हेच चार इन्स्टन्स व्हेरिएबल. रोजची पावलं वेगवेगळी साठवायची गरज आहे का? पुष्कळ मुलं लगेच ॲरेलिस्ट काढतात, कारण नुकतीच शिकलेली असते. चालतं तेही, पण गरज नाही, हे तिचं तिला सुचू द्या. मग विचारा, नवा दिवस आला की या चारपैकी काय बदलतं? एवढं बोलून झालं की जावा लिहायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पाऊण तास ती जावासाठी अडलेली नव्हती. हे आधीचं बोलणं तिच्याकडून कुणी करूनच घेतलं नव्हतं.

त्याच प्रश्नात एक खाचही आहे. पेपरातल्या उदाहरणात ९०००, ५०००, १३०००, २३००० आणि ११११ अशी पावलं आहेत. बेरीज ५११११, दिवस ५, सरासरी १०२२२.२. एकूण पावलं आणि दिवस दोन्ही इंट (पूर्णांक) ठेवून सरळ भागाकार केला तर जावा दशांश कापून टाकतो आणि १०२२२ च हाती येतं, मग मेथड डबल (दशांश असलेली संख्या) परत करत असली तरी ते १०२२२.० होतं, एवढंच. भागण्याच्या आधी एकाला डबलमध्ये बदलावं लागतं. आणि एकही दिवस नोंदवलेला नसताना सरासरी विचारली तर? पेपर म्हणतो ०.० द्यायचं. ही अट विसरली की शून्याने भागायची वेळ येते. अशा जागा व्हिडिओ बघून लक्षात राहत नाहीत. स्वतःच्या हाताने आकडे मांडले की राहतात.

म्हणजे ड्राय रन, कोड न चालवता कागदावर एकेक ओळ करून बघणं. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकलेल्या आपल्या पिढीला हे सांगायला नको. लॅबमध्ये मशीन कमी, बॅचेस जास्त, जर्नलमध्ये प्रोग्राम हाताने लिहायचा आणि व्हायवामध्ये सर विचारणार, तिसऱ्या फेरीत ‘आय’ या व्हेरिएबलची किंमत काय? तेव्हा वैताग यायचा. पण ब्लूबुकवर नेमकी हीच कला लागते, आणि हातात सतत कम्पायलर असलेल्या मुलांकडे ती नसते. तिला वहीत तक्ता आखायला लावा: प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, लूपच्या प्रत्येक फेरीला एक ओळ. बहुपर्यायी प्रश्नांपैकी पुष्कळसे ‘हा कोड काय छापेल’ अशा धाटणीचे असतात, ते या तक्त्यावरच सुटतात. रिकर्शनही (मेथडने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) आता असंच, वाचून उत्तर काढण्यापुरतं आहे. आधी वहीत तक्ता, मग पडताळायला पायथन ट्यूटर ही साइट. नाव पायथनचं असलं तरी तिथे जावाही चालतो, आणि मेमरीत काय चाललंय ते एकेका पायरीने चित्रात दिसतं. दोन व्हेरिएबल एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात म्हणजे काय, हे मी तोंडाने समजावण्यापेक्षा ते चित्र फार लवकर समजावतं. क्रम मात्र उलटा होऊ देऊ नका.

तुम्ही शिकवावं का? शिकवा म्हणणार नाही, सोबत बसा म्हणेन. तुमच्यासारख्या बाबांचा आणि आयांचाही मला चांगला अनुभव आहे. मुलीला ॲरेमधला सर्वांत मोठा आकडा शोधायचा असतो आणि बाबा म्हणतात, ‘अगं, स्ट्रीम वापर, एका ओळीत होतं.’ होतं खरं. कोड बरोबर असेल तर परीक्षकही गुण देतात. पण कोर्समध्ये स्ट्रीम नाही, हॅशमॅप नाही, लॅम्डा नाही, आणि या सगळ्याच्या खाली जो साधा लूप आहे तोच तर तिला शिकायचाय. नोकरीत आपण जे टाळतो तेच इथे मुद्दाम करायचं असतं. म्हणून कीबोर्ड तिच्याकडेच राहू द्या. ती अडली की तुम्ही प्रश्न विचारा: काय व्हायला हवं होतं? काय झालं? कुठपर्यंत बरोबर होतं हे तुला कसं कळलं? यापलीकडे गप्प बसणं ज्याला जमतं, त्याच्या मुलीला फायदा होतो. फार कमी जणांना जमतं, हेही सांगते.

आणखी एक युक्ती, जी वर्गात मला वापरता येत नाही पण तुम्हाला येईल. तिने लिहिलेली मेथड तिला मराठीत समजावून सांगायला लावा, जमल्यास आजीला, व्हिडिओ कॉलवर. इंग्रजीत ती व्हिडिओतली वाक्यं पोपटासारखी म्हणू शकते आणि तिला स्वतःलाही कळत नाही की आपण नुसतं बोलतोय. मराठीत ती तयार वाक्यं नसतात. ‘यादीतला पहिला आकडा घेते, आतापर्यंतच्या मोठ्याशी ताडून बघते, हा मोठा निघाला तर तो लक्षात ठेवते’ असं तिला स्वतः जुळवावं लागतं. जिथे वाक्य अडेल तिथे समज कच्ची आहे. मराठी मोडकंतोडकं असलं तरी चालेल.

चॅटजीपीटीचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण तो घरात असणारच. नियम आधी कोर्सच्या शिक्षकांना विचारा. प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात आणि बहुतेक ठिकाणी गृहपाठाचा कोड त्याच्याकडून लिहून घेणं ही सरळ कॉपी धरतात. ओळखू येतं का? पुष्कळदा येतं. जिला काल स्ट्रिंगची तुलना ईक्वल्सने करायची की दोन बरोबरच्या चिन्हांनी, हे ठाऊक नव्हतं तिच्या कोडमध्ये आज एका ओळीत अट लिहायचा टर्नरी ऑपरेटर दिसला की मी तिला पाच मिनिटांच्या कॉलवर बोलावते आणि एक ओळ बदलून विचारते, आता काय होईल? माझ्या दृष्टीने त्याचा एकच उपयोग ठीक आहे: स्वतः प्रयत्न करून झाल्यावर एररचा अर्थ विचारणं. तोही सवय लागू न देता, कारण जावाचे एरर वाचता येणं हीच अर्धी विद्या आहे. नलपॉइंटर एक्सेप्शन आलं की खाली ओळ क्रमांक असतो, तो बघायचा. इतकी साधी गोष्ट निम्मी मुलं करत नाहीत, सरळ कॉपी करून कुठेतरी चिकटवतात.

सरावासाठी पैसे खर्च करू नका. कॉलेज बोर्ड जुन्या पेपरांतले कोड लिहायचे प्रश्न आणि ते कसे तपासले याची गुणपद्धती फुकट देतं. २०१९ पासूनच्या प्रश्नांचा क्रम आजच्यासारखाच आहे, तेवढे पुरतात. एक सावधगिरी: २०२५-२६ पासून अभ्यासक्रम बदलला. दहा युनिटांची चार झाली, इनहेरिटन्स (एका क्लासपासून दुसरा क्लास काढणं) पूर्ण गेलं, फाइलमधून मजकूर वाचणं आलं. म्हणून २०२२ चा दुसरा प्रश्न, ज्यात पुस्तकाच्या क्लासपासून पाठ्यपुस्तकाचा क्लास काढायचा होता, तो सोडून द्या. दुकानात मिळणाऱ्या जुन्या तयारीच्या जाड पुस्तकांतही तो धडा असतो, त्यावर आठवडे घालवू नका. छोट्या सरावाला स्टॅनफर्डच्या निक पार्लांटे यांचं कोडिंगबॅट उत्तम, आणि वाचून समजून घ्यायला रनस्टोनवरचं सीएसऑसम. दोन्ही फुकट. पण कोडिंगबॅटवरही मेथडची पहिली ओळ दिलेलीच असते हे विसरू नका. त्याने हात सुटेल, कोऱ्या पानाची भीती जाणार नाही. त्यासाठी दर रविवारी एक जुना प्रश्न, बावीस मिनिटं, साध्या नोटपॅडमध्ये. मग तोच कोड खऱ्या एडिटरमध्ये टाकायचा, चालवायचा, आणि किती ठिकाणी तुटला ते वहीत लिहायचं. त्या वहीत महिन्याभरात त्याच तीन-चार चुका पुन्हा पुन्हा दिसू लागतात.

गुणपद्धती तिला स्वतः वाचू द्या. त्यातून परीक्षकाची नजर कळते. अर्धविराम राहिला, लेंग्थच्या जागी साइझ लिहिलं, तर गुण जात नाहीत. पण ॲरेलिस्टला ॲरेसारखे चौकोनी कंस लावले, व्हेरिएबल जाहीर न करताच वापरलं, किंवा न सांगता मध्येच काही छापलं, तर कापतात. उत्तर परत करायच्या जागी नुसतं छापणं ही तर ऑनलाइन मुलांची ठरलेली चूक. सरावाच्या खिडकीत पडद्यावर उत्तर दिसलं की त्यांना काम झाल्यासारखं वाटतं. आणि ‘अ’ भाग नाही आला तरी ‘ब’ भागात ती मेथड बरोबर चालते असं धरून वापरायची असते. हे माहीत नसल्याने मुलं अख्खा प्रश्न सोडून देतात.

कोर्सच्या शिक्षकांना लिहा, म्हणजे तिला लिहायला लावा. ऑफिस अवर्समध्ये येणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी असतात, आम्ही रिकामे बसलेलो असतो. ‘माझा कोड चालत नाहीये’ अशा मेलला मी काय उत्तर देणार? कुठलं इनपुट दिलं, काय यायला हवं होतं, काय आलं, एवढ्या तीन ओळी असल्या की त्याच दिवशी उत्तर जातं. गंमत अशी की त्या तीन ओळी लिहितानाच पुष्कळांना चूक सापडते आणि मेल पाठवायची वेळच येत नाही.

जावाच का, पायथन का नाही, असं तिने विचारलं असेलच. ही परीक्षा १९८४ साली पास्कलवर सुरू झाली, १९९९ मध्ये सी प्लस प्लस आली आणि २००४ पासून जावा आहे. टाइप आधी सांगायला लावणारी भाषा पहिल्या वर्षी चिडचिड करते, पण इंट आणि डबलचा फरक तीच शिकवते.

सीएसपीबद्दल. तो २०१६-१७ मध्ये सुरू झालेला वेगळा कोर्स आहे. इंटरनेट कसं चालतं, डेटा, संगणनाचे समाजावरचे परिणाम आणि थोडं प्रोग्रामिंग. परीक्षेत ७० बहुपर्यायी प्रश्न आणि शिवाय स्वतः एक प्रोग्राम करून द्यायचा. चांगला कोर्स आहे, पण हा जमत नाही म्हणून त्याच्याकडे पळण्यात अर्थ नाही. ज्या मुलीला लूपचा तक्ता मांडता येतो तिने ‘ए’ सोडू नये, आणि ज्या मुलीला हा विषयच नकोसा झालाय तिला सीएसपीनेही तो आवडू लागणार नाही. तुमच्या वर्णनावरून ती कंटाळलेली वाटत नाही, घाबरलेली वाटते. फेब्रुवारीच्या शेवटी तिला अनोळखी चार प्रश्न ९० मिनिटांत सोडवू द्या आणि गुणपद्धतीने तपासा. चारही प्रश्न मिळून २५ गुण असतात. १२-१३ च्या वर असेल तर निर्धास्त पुढे जा. चार-पाचवर अडकली असेल तर परीक्षा न देता कोर्स पूर्ण करायचा पर्याय उरतोच. ट्रान्स्क्रिप्टवर कोर्सचा दर्जा राहतो आणि कॉलेजात पहिल्या सत्रात हेच पुन्हा निवांत शिकता येतं.

एक काम मात्र आजच करा. व्हर्च्युअल स्कूल कोर्स शिकवते, परीक्षा सहसा घेत नाही. परीक्षा तिच्या रोजच्या शाळेत किंवा जवळच्या दुसऱ्या शाळेत द्यावी लागते आणि तिथल्या एपी कोऑर्डिनेटरने तिच्या नावाने ती मागवावी लागते. ही मुदत दरवर्षी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असते, त्यानंतर मार्चपर्यंत जादा शुल्क पडतं. कोऑर्डिनेटरला मेल करून विचारा, ऑनलाइन कोर्सच्या जॉईन कोडखेरीज (नाव नोंदवायच्या कोडखेरीज) शाळेचा फक्त परीक्षेसाठीचा कोड तिने घालायचाय का. दोघांनाही वाटतं की दुसऱ्याने नाव घातलंय, आणि एप्रिलमध्ये कळतं की कुणीच घातलं नाही.